चार लाईनींची मतं

माझ्या थोरल्या काकूला सगळी वसाहत आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. तिने आयुष्यात दोन कामं केली. बुटांच्या कारखान्यात शिलाई खात्यात बुटाचा वरचा भाग शिवला, आणि दर निवडणुकीला दारं ठोठावून लोकांना मतदानासाठी घराबाहेर काढलं. पहिल्या कामाने तिचे डोळे गेले, दुसऱ्याने पाय. यातलं जास्त आवडायचं कुठलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बुटाचं. बूट शिवला की शिवलेला राहतो. माणसाला दर वेळी नव्याने उठवावं लागतं."

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून घरांच्या चार लाईनी होत्या, अजून आहेत. एकेक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, पुढे सगळ्यांचा मिळून एक लांब व्हरांडा. काका-आक्का पहिल्या लाईनीत राहायचे, आम्ही तिसऱ्या. चौथ्या लाईनीच्या टोकाला कारकून मंडळींची तीन मजली इमारत होती. कारखाना चालू होता तेव्हा या लाईनींमध्ये कुणी कुणाला मत देणार हा प्रश्नच नव्हता. युनियन आणि पक्ष एकच. पक्षाचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, नुसतं "आपला" म्हणायचे. मतदानाच्या दिवशी पाळीप्रमाणे माणसं निघायची. रात्रपाळीवाले तसेच चिकटलेल्या डोळ्यांनी, मग शिलाई खात्यातल्या बायका ठेवणीतले कपडे घालून, मग म्हातारीकोतारी. मतमोजणीला आमच्या केंद्राची पेटी उघडली की समोरच्या पक्षाचे लोक चहा प्यायला बाहेर जायचे, असं माझे वडील हसून सांगायचे.

या सगळ्यामागे माझे थोरले काका होते. ते कटिंग खात्यात होते आणि युनियनचे पुढारीही. त्यांचा आवाज असा, की पहिल्या लाईनीत बोलले तर चौथ्या लाईनीत ऐकू जायचं, म्हणून त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. आदल्या संध्याकाळी भोंगा वाजायचा आणि सकाळी आक्का माणसं गोळा करायला निघायची. कुणाला रागवायचं, कुणाला गोंजारायचं, कुणाच्या घरी नवऱ्याच्या आधी बायकोला पटवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. रुसलेल्या माणसाकडे ती आधी जायची. म्हणायची, उशीर झाला की त्याचा रुसवा घट्ट होतो.

मग कारखाना बंद व्हायचं घाटू लागलं. यंत्रं दुसरीकडे हलणार अशी कुजबुज वाढली, तेव्हा या लाईनींनी निवडून दिलेला आमचाच माणूस कारखान्याच्या कँटीनमध्ये सभेला आला. मालकाच्या अटी मान्य करा, निम्मं काम इथेच राहील, माझा शब्द आहे, असं त्याने सांगितलं. लोकांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले आणि म्हणाले की हा माणूस आपला आहे, त्याचा शब्द तो माझा शब्द. त्यावर लोकांनी सह्या केल्या. काही महिन्यांतच यंत्रं ट्रकमध्ये चढली आणि फाटकाला कुलूप लागलं. तो पुढारी पुन्हा या बाजूला फिरकला नाही.

काकांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. आक्का म्हणते, कुणी येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक नेहमीसारखेच भेटायचे, काय भोंगा, जेवलास का, विचारायचे. पण काकांचा आवाज तेव्हापासून बसला तो बसलाच. त्यांना एका गोदामात माल मोजून घ्यायचं काम मिळालं. ते जायचे, यायचे, खिडकीशी बसायचे.

माझे वडील सोल खात्यात होते. काकांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांनी वर्षभरातच पक्ष बदलला. ज्यांनी अजून फसवलं नाही त्यांना एकदा संधी देतो, असं ते चहाच्या टपरीवर मोठ्याने म्हणाले आणि ते वाक्य त्यांच्याआधी पहिल्या लाईनीत पोहोचलं. भांडण असं झालंच नाही. बाबांनी काकांकडे जाणं बंद केलं आणि काकांनी का येत नाहीस असं विचारलं नाही. एवढंच. आई आणि आक्का नळावर भेटायच्या, पोरांच्या परीक्षांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायच्या, फक्त या दोन भावांचा विषय निघाला की दोघींची बादली भरलेली असायची.

पुढच्या निवडणुकीपासून चारही लाईनींची दारं दोनदा वाजायला लागली. आक्का येऊन गेली की बाबा, बाबा येऊन गेले की आक्का. व्हरांड्यात समोरासमोर आले तर बाबा बाजूला होऊन वाट द्यायचे, कारण कितीही झालं तरी ती वहिनी होती. दुसऱ्या लाईनीत कारखान्याची यंत्रं दुरुस्त करणारा मशीनवाला राहायचा, त्याची बायको तर त्या दिवशी दार उघडंच ठेवायची. म्हणायची, दीर-भावजय मिळून माझी कडी झिजवतात.

पण लोक आक्काला सोडून बाबांकडे गेले, असं काही झालं नाही. लोक घरात बसायला लागले. ही गोष्ट दोघांनाही बरीच उशिरा कळली. मतं कमी पडली की बाबांना वाटायचं आक्काने ओढली आणि आक्काला वाटायचं भाऊजींनी फोडली. खरं तर काही घरांना कुलपं होती. काहींची मुलं लांबच्या शहरात आणि नावं मात्र इथल्या यादीत. नवे भाडेकरू आले होते, त्यांची नावं तिसरीकडेच. आणि जे उरले होते, ते "बघू", "येतो", "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे. आक्काला या "बघू"चा फार शीण यायचा. विरोधात जाणाऱ्याशी भांडता येतं, असं ती म्हणायची. बघू म्हणणाऱ्याचं काय करायचं?

मी सांगतेय ती निवडणूक अलीकडची. आक्का नेहमीप्रमाणे पक्षाच्या कचेरीत गेली. कचेरी टायरच्या दुकानावर होती, जिना उभा. वर एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. बोलायला अगदी नम्र. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की या वेळी सगळा जोर बायपासवरच्या नव्या टॉवरांवर आहे. चार लाईनी कार्यक्रमातच नाहीत.

"तुमच्याकडे लोक बाहेर पडत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "आणि पडले तर आपल्यालाच देतात. मग तिथे जाऊन करायचं काय?"

आक्काने पत्रकं मागितली. त्याने कपाटातून एक गठ्ठा काढून दिला. घरी येऊन सोडला तर आत मागच्या वेळच्या उमेदवाराचा फोटो. तो आता दुसऱ्याच पक्षात होता. तिने ती पत्रकं फडताळात अंथरायला घेतली.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात बाबांच्या पक्षानेही त्यांना हेच सांगितलं, फक्त उलट्या बाजूने. त्या लाईनी पहिल्यापासून त्यांच्या, तिथे आपलं काय आहे, राहू द्या. बाबा घरी येऊन बराच वेळ चपला न काढता बसून राहिले होते. आईने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मला हसू आलं आणि मग आलं नाही. एकाने आपल्याच म्हणून सोडल्या, दुसऱ्याने परक्या म्हणून.

तरी दोघांनीही दारं वाजवली. पत्रकाशिवाय, नुसत्या तोंडाने. बेकरीत काम करणारा पहाटे येऊन झोपला होता, त्याच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं. एका खोलीत तीन भाडेकरू पोरी होत्या, त्यांनी आक्काला आत बोलावून चहा पाजला आणि आमचं नाव इथे नाही हो आजी, असं सांगितलं. मशीनवाला आता नव्हता. त्याची बायको दारातच म्हणाली, "आक्का, गटार तुंबलं तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर हेलपाटे घातलेत, हे मी विसरले नाही. तुम्ही आलात, पण गटार तसंच राहिलं ना. आता माझा पाय निघत नाही." आक्का तिच्या पायरीवर थोडा वेळ बसली आणि उठून पुढच्या दाराकडे गेली.

मतदानाच्या दिवशी सकाळी तिने काकांचे कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवले. काका खिडकीशी बसले होते, दाढी केलेली नव्हती. ते म्हणाले, "मी येत नाही."

तिने विचारलं, गुडघा दुखतोय का.

"गुडघा बरा आहे. लोकांना एकदा सांगितलं, तेवढं पुरे झालं. आता कुणाला द्यायचं ते मला माझंही सांगता येत नाही."

या आधी ते कितीही गप्प असले तरी मतदानाला जायचे. गोदामातली पाळी बदलून घेऊन जायचे. आक्काने वाद घातला नाही. इतरांच्या दारात उभं राहून बोलायचे तिचे सगळे शब्द ठरलेले होते, आपल्याच घरात उभं राहून बोलायला तिच्याकडे एकही नव्हता. तिने कपडे परत खुंटीला लावले आणि ती बाहेर पडली.

माझं लग्न होऊन गाव बदललं तरी नाव याच यादीत राहिलं होतं, म्हणून मी त्या दिवशी आले होते. कारकुनांच्या इमारतीखाली मला आक्का दिसली. वर तिसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाई राहायच्या. कारखान्याच्या शाळेत त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं, बाबांनासुद्धा. कंबर मोडल्यापासून त्या खाली उतरत नव्हत्या. पूर्वी युनियनची पोरं त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यायची. आता पोरं कुठली? तरी मला न्यायला या, असा त्यांचा निरोप आक्काला आला होता. मी आणि आक्का धापा टाकत वर पोहोचलो, तर दारात बाबा उभे. निरोप त्यांनाही गेला होता.

बाई आत तयार होऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पायांत मोजे. त्यांनी चष्म्यातून दोघांकडे पाहिलं. "दोघंही आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकट्याने उचलली असती तर मी पडले असते."

खुर्चीची खालची बाजू बाबांनी धरली, वरची आक्काने. मी पर्स आणि काठी घेतली. प्रत्येक वळणावर थांबावं लागत होतं. आक्का दर वेळी पकड बदलत होती आणि बाबांच्या छातीचा भाता चालू होता. बाई मात्र वर्गात असल्यासारख्या सूचना देत होत्या, डावा पाय आधी, घाई नको, भिंतीला घासू नका. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून बाबा म्हणाले, "बाई, एवढं उचलून नेतोय. कुणाला देणार, ते तरी सांगा."

"तुझ्या अक्षराला मी कधी मार्क दिले नाहीत," बाई म्हणाल्या. "आता मत देईन असं का वाटलं तुला?"

आक्का हसली. बाबाही हसले. त्या दोघांना एका वेळी हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शाळेतल्या केंद्रावर चिटपाखरू नव्हतं. आतले कर्मचारी आम्हाला पाहून घाईघाईने सरळ बसले, बऱ्याच वेळाने पाहुणे यावेत तसे. पोलीस शिपायाने खुर्ची आत न्यायला हात दिला. माझं मत मी लगेच देऊन आले, बाईंना वेळ लागणार होता. त्या कुठलंही काम दोनदा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. बाहेर पहिलीच्या मुलांचा बुटका बाक होता. त्यावर आक्का आणि बाबा बसले, गुडघे पार हनुवटीपाशी. मी खांबाला टेकून उभी राहिले.

बाबा समोर बघत म्हणाले, "दादा सकाळीच येऊन गेला असेल."

आक्काला हो म्हणता आलं असतं. विरोधी बाजूच्या माणसाला आपल्या घरातलं कशाला सांगा. पण मला वाटतं, तिचे हात इतके भरून आले होते की खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"नाही आले," ती म्हणाली. "येणार नाही म्हणतात."

"बरं नाही का त्याला?"

"बरे आहेत."

बाबा तळहात चोळत बसले. खुर्चीच्या लाकडाने वळ उठले होते. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, मी जाऊ का त्याच्याकडे?"

"विचारता काय भाऊजी," आक्का म्हणाली. "तुमचंच घर आहे."

बाईंना वर चढवायला शिपाई आला, त्याने वाटेत एका भाडेकरूलाही हाताशी धरलं. बाई घरात गेल्यावर बाबा सरळ पहिल्या लाईनीकडे निघाले. मी त्यांच्या मागे, आक्का सगळ्यात मागे, पाय ओढत. काकांच्या दारात बाबा क्षणभर अडखळले. काकांनी खिडकीतून त्यांना येताना पाहिलंच असणार. ते म्हणाले, "ये." कालच येऊन गेल्यासारखं.

बाबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "दादा, चल. मतदान करून येऊ."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. माझ्याविरुद्ध द्यायला चल." बाबांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी इतकी वर्षं दारं वाजवतो ती तू समोर आहेस म्हणून. तू घरात बसलास, तर मी भांडू कुणाशी?"

काका खिडकीबाहेर पाहत राहिले. तिथून कारखान्याची भिंत दिसते, दुसरं काही दिसत नाही. मग ते हळू म्हणाले, "तुला वाटतं मी तुझ्यावर रागावलो होतो. नाही रे. तू गेलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, एक तरी माणूस माझ्या शब्दातून सुटला."

आक्का स्वयंपाकाच्या दाराशी उभी होती. तिने चौकटीला हात लावला. इतकी वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपली होती आणि तो भावावर रागावलाय, असंच धरून चालली होती. त्याच रागाची बाजू घेऊन ती दिराच्या मागोमाग दारं वाजवत फिरली होती. हे तिने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्या वेळी तिने फक्त चहाचं आधण ठेवलं.

बाबा खुर्ची ओढून बसले. काका मतदानाला आले नाहीत आणि बाबांनीही पुन्हा आग्रह केला नाही. थोड्या वेळाने सोल खात्यातल्या एका मुकादमाची गोष्ट निघाली, मग कँटीनच्या पातळ डाळीची. काकांचा आवाज जुना नव्हता, पण मधे मधे वाक्य पुरं होत होतं. आक्काने दोघांना चहा दिला, घड्याळाकडे पाहिलं आणि चपला शोधायला लागली. दिवसभर लोकांमागे फिरताना तिचं स्वतःचं मत राहून गेलं होतं.

मी तिच्याबरोबर गेले. शाळेत कर्मचारी आवराआवरीच्या बेतात होते. त्यांनी तिचं नाव शोधलं, सही घेतली. ती आत गेली आणि पटकन बाहेर आली. परत येताना ती माझ्या खांद्याला धरून चालत होती. वाटेत म्हणाली, "आज पहिल्यांदा वाटलं, कुणालाच देऊ नये."

"मग?"

"मग काय. दिलं नेहमीच्यांनाच. हात आपोआप तिकडेच गेला."

आमच्या लाईनींमध्ये त्या वेळी झालं तेवढं कमी मतदान आजवर कधी झालं नव्हतं. आक्काचा पक्ष जिंकला, पण तो टॉवरवाल्यांच्या मतांवर. विजयाच्या गाड्या हॉर्न वाजवत मोठ्या रस्त्याने गेल्या, लाईनींकडे वळल्या नाहीत. काही महिन्यांनी शाळेतलं केंद्र बंद होऊन हमरस्त्यापलीकडच्या केंद्रात मिसळलं. इथे मतदारच येत नाहीत, हे कारण होतं आणि ते खोटं म्हणायची सोय नव्हती.

आक्का पुन्हा तो उभा जिना चढून कचेरीत गेली. म्हाताऱ्या माणसांना हमरस्ता ओलांडवत नाही, असं तिने सांगितलं. मुलाने वरती कळवतो म्हणून टिपून घेतलं. मग ती म्हणाली की पुढच्या वेळेपासून मी दारं वाजवायला जाणार नाही. "काही हरकत नाही, मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही आता आराम करा." का, असं त्याने विचारलं नाही. त्याचं उत्तर तिने वाटेत नीट जुळवून ठेवलं होतं. ते तिला तसंच घरी परत आणावं लागलं. मी विचारलं, काय उत्तर होतं. ती म्हणाली, आता राहू दे.

बाबा हल्ली रोज संध्याकाळी काकांकडे जातात. दोघं पत्ते खेळतात, बाबा हरले की चिडतात. राजकारणाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बाबांनीही फिरणं सोडलंय. पक्षात आहेत अजून, पण नावापुरते.

मागच्या महिन्यात पुन्हा एक मतदान झालं, लहानसंच. मला सुटी मिळाली नाही, म्हणून दुपारी आक्काला फोन केला. ती सकाळीच एकटी हमरस्ता ओलांडून गेली होती. काका गेले नाहीत. मास्तरीणबाईंनी या वेळी काही निरोपच पाठवला नाही. मी सवयीने विचारलं, गर्दी कितपत होती, आपल्या लाईनींतलं कोण कोण आलं होतं.

"मी पाहिलं नाही," आक्का म्हणाली. "मत दिलं आणि आले. आता जरा पडते."